हुंगणाऱ्या बाई

१९९६ च्या जूनमध्ये, शाळा उघडली त्या आठवड्यात, हेडसर, शिपाई आणि मी अशा तिघांसमक्ष नव्या ग्रंथपाल बाईंनी शाळेच्या ग्रंथालयाचा ताबा घेतला. तीन लोखंडी कपाटं, किल्ल्यांचा एक जुडगा, पुस्तकं एक हजार तीनशे बारा. शाळेचा कारकून म्हणून ती मीच मोजली होती. बाईंनी पहिलंच पुस्तक उघडून नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, ह्याला कुणाचाच वास न्हाय की!"

खरंच होतं. पुस्तक हरवलं तर जबाबदारी अंगावर येते, म्हणून आमच्याकडे कपाटं कधी उघडत नसत. बाईंची नेमणूक एका वर्षाची होती. एप्रिलच्या तपासणीत सगळी पुस्तकं जागेवर मिळाली तरच कायम. हेडसरांनी भल्यासाठीच सांगितलं, "कुलपं लावून ठेवा. आधी कायम व्हा, मग काय ते बघू."

बाईंनी त्याच दिवशी कपाटं उघडली.

ते वर्ष त्यांना जड गेलं. जयसिंगपूरहून रोज एसटीनं यायचं. कुणी शिक्षक रजेवर गेला की त्याचा तास बाईंकडे. परीक्षेचे गठ्ठे शिवायचे तेही त्यांनीच. दुपारचा डबा कित्येकदा तसाच परत जायचा. पण पुस्तकं परत यायची वेळ झाली की त्यांचा चेहरा उजळायचा. प्रत्येक पुस्तक हुंगून त्या पोरांना सांगायच्या, "हे गुऱ्हाळावर गेलतं, व्हय ना?" "हे गोठ्यात वाचलंस." हुपरीच्या सुमनचं पुस्तक आलं की म्हणायच्या, "आई चांदीचं पैंजण डाग देऊन जोडत होती, तिच्याजवळ बसून वाचलंस, धुराचा वास येतोय." सुमन लाजून हसायची. पोरांनी 'हुंगणाऱ्या बाई' हे नाव ठेवलं ते तेव्हाच. बाईंना ते ठाऊक होतं.

मलाही त्या सोडत नसत. "भाऊसाहेब, पुस्तकं मोजता तेवढी. एखादं वाचा की." शेवटी त्यांची कटकट टळावी म्हणून प्रवासवर्णनाचं एक पुस्तक घरी नेलं.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात बाईंनी वर्गावर्गात सांगितलं, "साहेब येणार हायत, पुस्तकं नीटनेटकी करून आणा." पोरांनी ते फारच मनावर घेतलं. सगळी पुस्तकं वर्तमानपत्राची कव्हरं घालून, खळीनं चिकटवून आणली. नावं झाकली, नंबरही झाकले. तपासणीच्या सकाळी तिन्ही कपाटांत सारखेच कागदी गठ्ठे. हेडसर कपाळाला हात लावून बसले.

संस्थेचे संचालक आले. "पक्ष्यांचं पुस्तक दाखवा."

बाईंनी चार गठ्ठे हुंगले, पाचवा काढला. "गुळाचा वास, हे गुऱ्हाळावर गेलतं." कव्हर फाडलं. पक्षीच होते.

"आता सापांचं."

बाईंनी काढलेल्यात लोणच्यांच्या कृती निघाल्या. त्या दुसरा गठ्ठा उचलायला वळल्या. तेवढ्यात दारातून सुमन ओरडली, "बाई, ते न्हवं! खालच्या कप्प्यातलं, साबणाची जाहिरात असलेलं. मी घातलंय कव्हर!"

मग पोरं आतच घुसली. संचालकांनी नाव घ्यायचं आणि पोरांनी पुस्तक काढायचं. ज्यानं त्यानं आपलं कव्हर बरोबर ओळखलं. मी मोजत होतो. एक हजार तीनशे अकरा. एक कमी.

कुठलं ते माझ्या लगेच लक्षात आलं. सायकल काढून घरी गेलो. सौभाग्यवती गॅसजवळ उभ्यानं वाचत होत्या. "थांबा की, थोडीच पानं ऱ्हायल्यात!" मी तसंच ओढून आणलं.

बाईंनी ते हुंगलं. "दूध उतू गेलतं ह्याच्यापायी. हे वहिनींनी वाचलंय, तुम्ही न्हाय."

संचालक खो खो हसले. "घ्या यांना कायम," हेडसरांना म्हणाले, "आणि ते पुस्तक भाऊसाहेबांच्या घरी परत जाऊ द्या."

बाई पुढं बरीच वर्षं राहिल्या. मग वारणानगरच्या कॉलेजात जागा मिळाली. ताबा देताना नवे हेडसर, शिपाई आणि मी असे तिघं होतो. पुस्तकं थोडी कमी भरली, तरी तिघांनी सह्या केल्या. बाईंनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला आणि एसटी गाठायला निघून गेल्या.

सवयीनं मी कपाटं बंद करायला गेलो. एकही किल्ली फिरली नाही. इतक्या वर्षांत त्या कुलपांना कुणी हातच लावला नव्हता. आत गंजून बसली होती. जुडगा ऑफिसच्या खिळ्याला अडकवला आणि कपाटं तशीच उघडी ठेवून घरी आलो.