भिंतीशी तुंबलेली थंडी

पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्या होत्या. उजाडताना पाहिलं, तर धूर वर जातच नव्हता. वेलींखालून तो उताराने सरपटत गेला आणि खालच्या दगडी भिंतीशी तुंबून राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रात्री जमीन निवते, तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतार शोधत जाते. इतकी वर्षं ती आमच्या बागेतून खाली ओढ्यात उतरायची. यंदा शहरातून आलेल्या साहेबांनी ओढ्याकाठी फार्महाउस बांधलं आणि त्याला पुरुषभर उंच भिंत घातली. तेव्हाच मी म्हटलं होतं, "साहेब, भिंतीला खाली मोऱ्या ठेवा. थंडी तुंबेल."

ते हसले. "वहिनी, थंडी काय ओढा आहे तुंबायला?"

पाणी अडवलं तर गाव भांडायला उठतं, रस्ता अडवला तर पंचायत बसते. हवा अडवली तर गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे? ती दिसत नाही, म्हणून कुणीही उठावं आणि तिच्या वाटेत दगड रचावेत!

भिंतीलगतच्या ओळींतली पानं आधीच करपली होती, हात लावताच चुरा होत होता. तो चुरा मुठीत घेऊन मी तरातरा त्यांच्या फाटकाशी गेले. आत गुलाब टवटवीत फुलले होते. साहेब चहाचा कप घेऊन बाहेर आले, अंगात साधा स्वेटरसुद्धा नाही.

"या वहिनी," ते म्हणाले, "यंदा थंडी अशी पडलीच नाही, नाही का?"