आत्याने ओळखलेला नवरदेव

रेस्टिट्यूटा नालुबेगाला मूलबाळ नव्हतं. नवरा होता तो लग्नाच्या चौथ्या वर्षी कंपालाला कामासाठी म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. मसाका गावाच्या बाजारामागे दीड खोली, एक शिलाई मशीन आणि तोंडात सदैव कॉफीची सुकी बी, एवढाच तिचा संसार. पण ती आत्या होती. आमच्याकडे आत्याला सेंगा म्हणतात आणि सेंगापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते. मुलीला आई वाढवते ती फक्त खाऊपिऊ घालून. लग्नाबद्दल मनातलं जे काही असेल ते बोलायचं आत्याशीच. आणि मागणीच्या दिवशी पाहुण्यांच्या घोळक्यात शिरून नवरदेव कोण ते ओळखायचं, त्याच्या छातीला फूल लावायचं, हाताला धरून पुढे आणायचं, हा मान आत्याचा. बापाने कितीही आदळआपट केली तरी आत्याचं फूल लागल्याशिवाय कोणी जावई होत नाही.

नालुबेगाने तीन भाच्यांचे नवरे असे हाताला धरून आणले होते. उरली होती ती सर्वांत धाकटी, प्रोस्कोव्हिया. ती हेलसिंकीला परिचारिका, आणि तिने ठरवलेला मुलगा रेमंड सेन्टोंगो बॉस्टनला. तो चार वर्षांचा असताना आईबापांबरोबर गेला तो गेलाच. आता एकाचे कागद नूतनीकरणाला गेलेले, दुसरीला रजा नाही. मग दोघांनी तोडगा काढला की मागणीचा कार्यक्रम संगणकातल्या जगात करायचा. तिथे प्रत्येकाला एक शरीर मिळतं, त्या शरीराने चालायचं, बसायचं, बोलायचं. मांडव तिथेच, पाहुणे तिथेच, मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी आणायच्या गायीसुद्धा तिथेच.

तिचा मोठा भाऊ, प्रोस्कोव्हियाचा बाप लॉरेन्स मुबीरू, याने फोन करून हे सगळं सांगितलं आणि शेवटी घसा खाकरला.

"हे बघ रेस्टी, जमणार नसेल तर आत्ताच सांग. इमॅक्युलेट करील. तिला सगळं येतं."

इमॅक्युलेट ही त्यांची धाकटी सावत्र बहीण, कंपालात बँकेत नोकरीला. इमॅक्युलेटला सगळं येतं, हे वाक्य नालुबेगा चाळीस वर्षं ऐकत आली होती.

"जमणार नाही असं मी कधी म्हटलं, दादा?"

"म्हटलं नाहीस. पण तुला साधा फोन बंद करता येत नाही. मागच्या रविवारी अर्धा तास मी तुझं मशीन ऐकत होतो."

"मग शिकलास का काही शिलाई?" असं म्हणून तिने फोन ठेवला, आणि खरोखर बंद झाला का ते दोनदा बघितलं.

तीन आठवडे हातात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सिल्व्हियाच्या टायपिंगच्या दुकानात गेली. सिल्व्हिया अर्ज, बायोडेटा आणि मयताच्या पत्रिका छापून द्यायची, आणि तिच्याकडचा कोपऱ्यातला संगणक गावात सर्वांत नवा होता. तिने प्रोस्कोव्हियाने पाठवलेला पत्ता उघडला आणि नालुबेगाला खुर्चीत बसवलं.

"आधी शरीर निवडायचं, बाई."

पडद्यावर बारा बायका ओळीने उभ्या होत्या. सगळ्या पंचविशीच्या, सगळ्यांच्या कमरा मुठीत मावतील अशा.

"यातली साठीची कुठली?"

"साठीची ठेवत नाहीत."

"मग म्हातारी माणसं काय करतात?"

"यातलीच एखादी होतात. या सगळ्या आतून म्हाताऱ्याच असतील, बाई."

नालुबेगाने त्यातल्या त्यात रुंद हाडाची एक घेतली. प्रोस्कोव्हियाने तिच्यासाठी गोमेसी, म्हणजे आमच्या बायकांचा उभ्या टोकदार खांद्यांचा आणि पट्ट्याचा सणाचा पोशाख, शिवून घेऊन पाठवली होती. शिवली कसली, कोणीतरी रंगवली होती. तीस वर्षं गावातल्या बायकांच्या गोमेसी शिवणाऱ्या नालुबेगाने ती बघितली मात्र, तिचं तोंड कडू झालं. खांद्यांची टोकं पडलेली, कमरेचा पट्टा भलत्याच बाजूला बांधलेला. "हे कुणी शिवलंय त्याला एकदा माझ्यासमोर आणा," ती म्हणाली. पण तिथे टाके उसवता येत नव्हते, तेव्हा तशीच नेसून ती जगात उतरली.

पहिल्या दिवशी ती भिंतीत चालत राहिली. दुसऱ्या दिवशी कारंज्यात. तिसऱ्या दिवशी बाकावर बसायला गेली ती बाकावर आधीच बसलेल्या गृहस्थाच्या मांडीवर बसली, आणि उठायचं कसं ते सिल्व्हियालाही ठाऊक नव्हतं. सिल्व्हिया शेजारच्या चहावालीकडे विचारायला गेली आणि तिथेच गप्पांत रमली. नालुबेगा वीस मिनिटं त्या माणसाच्या मांडीवर. त्याने बिचाऱ्याने हू की चू केलं नाही. नंतर कळलं की तो जागेवर नव्हताच, शरीर तिथे ठेवून जेवायला गेला होता. या गोष्टीचा तिला सर्वांत जास्त धक्का बसला. आपलं अंग रस्त्यात टाकून जेवायला जायचं, ही कसली रीत?

पण चालणं जमलं आणि तिच्या लक्षात आलं की त्या जगाचं खरं दुखणं वेगळंच आहे. तिथे कोणी कोणाला विचारत नाही. माणसं शेजारून उडत जातात, डोळ्यांत डोळे घालून उभी राहतात, आणि नमस्कार नाही की चमत्कार नाही. आता आमच्या माणसाचं नमस्काराशिवाय कसं भागावं? बाईमाणसाने गुडघे टेकायचे, रात्र कशी गेली विचारायचं, समोरच्याने बरी गेली म्हणायचं, घरची कशी आहेत, बरी आहेत, मग हिने "म्म्म" म्हणायचं, त्याने "एए" म्हणायचं, पुन्हा हिने "म्म्म", पुन्हा त्याने "एए", असं दोन्हीकडचं मन भरेपर्यंत. त्यानंतर कामाचं. मुबीरूच्या घरात यात एक "एए" कमी पडला म्हणून सोयरिकी फिसकटल्या आहेत.

गुडघे टेकायचं बटण काही त्या जगात सापडलं नाही. जमिनीवर बसायचं तेवढं होतं. तेव्हा नालुबेगा रोज सकाळी नऊला जाऊन चौकात कारंज्याजवळ जमिनीवर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, रात्र कशी गेली. लिहिलेलं ज्याच्या-त्याच्या भाषेत आपोआप बदलून दिसायचं. बहुतेक जण न थांबता जायचे. एका गॉगलवाल्याने विचारलं, तुमचं यंत्र बिघडलंय का. एका बाईने तक्रार नोंदवली की इथे कोणीतरी काहीतरी विकतंय. चौकाच्या पहारेकऱ्याने नालुबेगाला एक दिवस बाहेर काढलं. तिने घरी येऊन तो दिवस मशीनवर काढला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली.

थांबलं ते एकच बदक. माणसाएवढं उंच, पिवळं, गळ्यात मफलर. ते चिली देशात शाळेची बस चालवायचं, म्हणजे त्याच्या आतला माणूस चालवायचा. बायको वारल्यापासून त्याला झोप येत नव्हती, आणि एवढ्या सगळ्या जगात रात्र कशी गेली हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"वाईट गेली," बदकाने लिहिलं.

"तसं म्हणायचं नसतं," नालुबेगाने शिकवलं. "आधी बरी गेली म्हणायचं. वाईट गेली ते नंतर, 'म्म्म' संपल्यावर सांगायचं."

दोन आठवड्यांत बदक तयार झालं. तिकडे मध्यरात्र उलटलेली असायची, तरी ते वेळेवर हजर. "एए" कुठे लांबवायचा, कुठे तोडायचा, सगळं पक्कं. सिल्व्हिया पोट धरून हसायची. "बाई, रेमंडला सोडा आणि प्रोस्कोव्हियासाठी हे बदकच बघा." नालुबेगाही हसली होती. हसायला काय जातंय?

एका गोष्टीचा घोर मात्र तिला लागला होता. रेमंडला तिने कधी पाहिलं नव्हतं. आधीच्या तिन्ही मुलांना तिने वर्ष-वर्ष पारखलं होतं, जेवायला बोलावून कसे जेवतात ते बघितलं होतं. याचा आवाजही ऐकला नव्हता. तिने भावाला तसं सांगितलं.

"त्यात काय ओळखायचंय?" भाऊ म्हणाला. "तिथे प्रत्येकाच्या डोक्यावर नाव लिहिलेलं असतं. रेमंड लिहिलेलं दिसलं की लाव फूल."

नालुबेगाला हे फार लागलं. दुकानात पोत्यावर साखर लिहिलंय की मीठ ते वाचून उचलतात, तसा जावई उचलायचा? तिने भावाला काही म्हटलं नाही. पण सिल्व्हियाला सांगून तिने आपल्या पडद्यावरची नावं दिसणं बंद करून टाकलं. "मी ओळखीन," ती म्हणाली. "वाचायलाच आत्या हवी असती तर टपालवाल्याला बोलावलं असतं."

शनिवारी दुपारी चारला कार्यक्रम सुरू झाला. मांडव भव्य होता, आभाळ मसाकात कधी नसतं एवढं निळं होतं. दारातच पांढऱ्या कांझूंचा, म्हणजे पुरुषांच्या पायघोळ झग्यांचा, ढीग ठेवला होता, येणाऱ्या पुरुषाने एक उचलायचा. दोन्ही घरांच्या वतीने बोलायला नेमलेले, मुलीकडचा बोलका आणि मुलाकडचा बोलका, एकमेकांची यथेच्छ टर उडवत होते. मुलीकडच्याने म्हटलं, "तुमच्या गायी हंबरत का नाहीत? आजारी गायी घेऊन आलात की काय?" मुलाकडच्याने म्हटलं, "तुमची मुलगीही अजून बोललेली नाही, आम्ही विचारलं का काही?" इमॅक्युलेट पुढच्या रांगेत, कंपालाहून, नटूनथटून. मग बोलक्याने पुकारा केला की सेंगाने यावं आणि आपला जावई शोधावा.

नालुबेगा उठली. भिंतीत गेली नाही, कारंज्यात गेली नाही, सरळ पुरुषांच्या रांगेत गेली. दुकानात सिल्व्हियाने खुर्ची पुढे ओढली. चाळीस पुरुष, चाळीसही देखणे, चाळीसही कांझूत. प्रत्येकापुढे ती जमिनीवर बसली आणि विचारलं, रात्र कशी गेली. पहिला गप्प. दुसऱ्याने लिहिलं, हाय. तिसरा हसण्याचं चित्र पाठवून मोकळा झाला. एक जण तर उठून नाचायलाच लागला, बहुधा चुकून. सव्विसाव्याने मान झुकवली.

"बरी गेली. तुमची कशी गेली? घरची कशी आहेत?"

"बरी आहेत. म्म्म."

"एए."

"म्म्म."

"एए."

शेवटचा "एए" त्याने असा हळू लांबवत लिहिला की नालुबेगाच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा परदेशात वाढला, पण आईबापांनी वळण लावलंय, तिला वाटलं. तिने त्याच्या छातीला फूल लावलं आणि त्याला हाताला धरून मांडवाच्या मधोमध आणला.

बोलक्यांची टर जागीच थांबली. बोलके गप्प म्हणजे काय ते आमच्या माणसाला सांगायला नको. मग इमॅक्युलेटचा आवाज आला, अगदी गोड. "रेस्टीताई, डोक्यावरचं वाच ना."

सिल्व्हियाने घाईघाईने नावं चालू केली. तो बदकवाला होता. चौकात आत्या दिसली नाही म्हणून शोधत मांडवात शिरला होता, दारात कांझू दिसला तो घातला होता, आणि कांझू बदकाला बसेना म्हणून माणसाचं शरीर घेतलं होतं. आपल्याला कशासाठी पुढे आणलंय हे त्याला कळलं नव्हतं. तो आपला सगळ्यांचे आभार मानत होता. खरा रेमंड नवव्या जागी बसला होता. "हाय" म्हणणाऱ्यांपैकी तो नव्हता. तो गप्प बसलेल्यांपैकी होता.

पुढचं सगळं पाच मिनिटांत उरकलं. बदकवाल्याला बाहेर घालवण्यात आलं. भाऊ म्हणाला, "रेस्टी, तू बस. इमॅक्युलेट, तू कर." इमॅक्युलेटने डोक्यावरचं वाचलं, फूल लावलं, टाळ्या पडल्या. नंतर फोनवरच्या कुटुंबाच्या गटात सात जणांनी लिहिलं की वयोमानाने असं होतं, कोणी मनावर घेऊ नये. चर्चमधल्या लग्नालाही सेंगा म्हणून इमॅक्युलेटच उभी राहील, हे भावाने सगळ्यांत शेवटी लिहिलं. नालुबेगाने वाचलं आणि फोन कापडाच्या गठ्ठ्याखाली सारला. तिचं एवढं एकच होतं, आणि तेही गेलं होतं.

रविवारी चर्चच्या मिसाहून आल्यावर ती गुळगुळीत कापडाचा एक खांदा कापत बसली होती. कापड सरकत होतं आणि कात्री तिरकी जात होती. गठ्ठ्याखालून फोन वाजायला लागला. तिने तीनदा वाजू दिला. चौथ्यांदा उचलला. प्रोस्कोव्हिया होती.

"आत्या, रागावलीस?"

"मी कशाला रागावू? चूक माझी. सगळ्या पाहुण्यांत तुझं हसं केलं मी. रेमंडला सांग, आत्याने माफी मागितली आहे म्हणून."

"तो काही बोललाच नाही त्याबद्दल. तो कशाबद्दलच फारसं बोलत नाही." पलीकडे कुठेतरी ट्राम गेल्याचा आवाज आला. "आत्या, एक सांगू? बाबांना सांगणार नाहीस ना?"

"बाबांना कशाला सांगू मी? सांग."

"तू त्या दुसऱ्याला हाताला धरून आणलंस ना, तेव्हा सगळे घाबरले. मला मात्र क्षणभर सुटल्यासारखं वाटलं."

नालुबेगाने कात्री खाली ठेवली. मशीनसमोरची खुर्ची सोडून ती खाली चटईवर बसली.

"हे इमॅक्युलेटला बोललीस?"

"तिला कशाला बोलू?" प्रोस्कोव्हिया म्हणाली. "ती कोण माझी?"

"बरं," नालुबेगा म्हणाली. "मग आता पहिल्यापासून सांग. मला घाई नाही."