काठ सरळ होता

बाईंनी लुगडं माझ्या पायांपुढे टाकलं. हातात दिलं नाही. टाकलं.

"घेऊन जा हे. तुझ्या बापाला आता दिसत नाही का?"

धरमपेठेतल्या एका वकिलांच्या बंगल्याचा मागचा व्हरांडा. सकाळची दहा-अकराची वेळ. बाईंच्या चार मैत्रिणी वेताच्या खुर्च्यांवर बसून चहा पीत होत्या. मी खाली फरशीवर उभी. सोळा वर्षांची, सातवी पास. गोळीबार चौकामागच्या आमच्या कोष्ट्यांच्या वस्तीतून पायी चालत आलेली.

लुगडं माझ्या बापानं विणलं होतं. बारीक सुताचं, तांबड्या रेशमी काठाचं. सतरा दिवस तो त्यावर बसला होता. दोन आठवड्यांपूर्वी मीच ते बाईंकडे आणून दिलं. "पसंतीला राहू दे, आवडलं तर घेऊ," बाई म्हणाल्या होत्या. त्यांच्या भाचीचं लग्न होतं. लग्न होऊन गेलं आणि लुगडं नापसंत झालं.

मी वाकून ते उचललं. घडी आमची नव्हती. बाप घडी घालायचा तेव्हा काठावर काठ बसायचा. ही घडी घाईघाईत घातलेली. कापडाला अत्तराचा वास येत होता. निऱ्यांच्या मोडी तशाच होत्या. काठाला लागून बोटभर हळदीचा डाग. मी लुगडं छातीशी धरलं आणि घडीतून दोन-तीन अक्षता खाली पडल्या. कुंकवात रंगवलेले तांदूळ.

मी त्यांच्यावर पाय ठेवला.

मला कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी डोळ्यांनीसुद्धा खुणावलं नव्हतं. माझाच पाय पुढे गेला.

"सांग यांना," बाई म्हणाल्या. "काठ वाकडा आहे की नाही?"

"आहे."

"चूक कुणाची?"

"आमची."

"आमची काय? नीट सांग."

"माझ्या वडिलांची."

एक मैत्रीण म्हणाली, "पोरगी खरं बोलते हो." बाई हसल्या. आधीच्या एका लुगड्याचे पैसे त्यांच्याकडे राहिले होते. ऐन लग्नात फजिती झाली म्हणून तेही आता मिळणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मी मान हलवली. अक्षता पायाखालीच होत्या. मी निघाले तेव्हा एक दाणा तळव्याला चिकटून आला. फाटकाबाहेर येऊन तो मी झटकला.

काहून बोलली नाही मी? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर सोपं आहे, म्हणून सांगायला लाज वाटते. मला मास्तरीण व्हायचं होतं. ट्रेनिंगला जागा थोड्या होत्या. एका धर्मादाय फंडातून गरीब मुलींना महिन्याचा खर्च मिळायचा आणि त्या फंडावर वकीलसाहेब होते. त्यांची शिफारशीची चिठ्ठी मिळाली तरच माझं जमणार होतं. चिठ्ठी बाईंच्या शब्दावर होती.

आणि बाई मला चांगल्या वाटायच्या. त्यांनी मला जुनी पुस्तकं दिली. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला शिकवलं. मी 'मले' म्हटलं की 'मला' म्हण म्हणायच्या. त्यांच्या व्हरांड्यात मी शुद्ध बोलायचे. तिथे मला माझ्या घराची आठवण नको असायची. बापाच्या अंगाला खळीचा वास यायचा. खळ म्हणजे सुताला लावायची कांजी. तो वास माझ्याही केसांना असेल का, असं मनात येऊन मी तिथे आक्रसून उभी राहायचे.

परत येताना सीताबर्डीजवळच्या एका नळावर मी तो डाग धुवायला बसले. शेजारच्या बाईकडून साबणाचा तुकडा मागून घेतला. साबण लागला तशी हळद लालभडक झाली. घासली तरी पुरती जाईना. काठाशी फिकट तांबडा ओघळ राहिला. तो पाहून मला काय वाटलं असेल? भीती नाही वाटली. सुटल्यासारखं वाटलं. कारण आता तो काठाचाच रंग उतरल्यासारखा दिसत होता.

घरी बापानं लुगडं दारात, उन्हात पसरलं. काठावरून बोट फिरवत तो या टोकाकडून त्या टोकाकडे गेला. मग पुन्हा गेला.

"कुठं वाकडा हाये वं?"

"पदराजवळ, बाबा."

"मले तं नाही दिसून राहिला."

"दिसत नसन तुमाले. त्या पाच बायाईले दिसला."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मी जातो धरमपेठेत. पाहतो कोणाले वाकडा दिसते." बाप उठलाच असता तिच्याबरोबर. तो उठू नये म्हणून मी त्या ओघळावर बोट ठेवलं. "आन हा रंग? हा बी उतरला तुमचा."

बाप खाली बसला. आईला एवढंच म्हणाला, "राहू दे वं. पोरगी शिकलेली हाये. तिनं पायलं असन."

मी शिकलेली होते म्हणून त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

त्या दिवसापासून त्याचा हात अडू लागला. आडव्या धाग्याचा धोटा इकडून तिकडे फेकायचा आणि थांबायचा. धागे बोटानं मोजायचा. दिवसातून दहादा मला हाक मारायचा. "पाय वं इकडे, सरळ हाय का?" सरळच असायचं. मी सरळ आहे म्हणायचे. पण आता त्याला माझं 'सरळ आहे' खोटं वाटायचं आणि 'वाकडा आहे' तेवढं खरं वाटायचं. महिन्याभरात त्यानं रेशीमकाठी काम घेणं सोडलं. जाडंभरडं विणू लागला. त्यात भागेना. दिवाळीच्या आधी उमरेडचा चुलता बैलगाडी घेऊन आला आणि माग सुटा करून घेऊन गेला. मागाच्या खड्ड्यात, जिथे बाप पाय सोडून बसायचा, तिथे आईनं लाकडं भरली.

बाप इतवारीतल्या धान्याच्या गोदामात पोती शिवायला लागला.

आणि मला चिठ्ठी मिळाली. मी ट्रेनिंगला जाऊ लागले. पांढरं पातळ, पायात चपला. हे लपवण्यासारखं आहे, पण मी लपवणार नाही. पहिले काही महिने मी खूश होते.

एकदा आईला ताप होता, म्हणून बापाची भाकर घेऊन मी गोदामात गेले. तो पोत्यांच्या थप्पीपाशी उकिडवा बसला होता. गोदामात उजेड कमीच. हातात दाभण आणि सुतळी. मी मागे उभी राहून पाहत होते, त्याला माहीत नव्हतं. दाभणाच्या नेढ्यात त्यानं सुतळी एका झटक्यात ओवली. टाके घालत गेला. सारखे टाके, एका अंतरावर, रेघ ओढावी तसे. गोदामाचा मुनीम माझ्याकडे पाहून म्हणाला, "इसके जैसा टाका यहाँ किसी का नहीं, बाई."

बाप खाली मान घालून म्हणाला, "जाड काम हाये हे, मुनीमजी. याले डोये नाही लागत."

मी भाकर ठेवली आणि बाहेर आले. माझ्या बापाच्या डोळ्यांना काहीही झालं नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. त्या दिवशी ते मी डोळ्यांनी पाहिलं.

तरीही मी लगेच काही केलं नाही. हेही सांगायला हवं. आणखी दोन महिने मी धरमपेठेत जातच राहिले.

मग बाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. बाई म्हणाल्या, "तुमच्या वस्तीतून चार चांगली लुगडी आण. पसंतीला." आमच्या शेजारी गिरजाकाकू राहायची. तिचा नवरा छातीच्या आजारानं खाटेवर होता, तीच मागावर बसायची. तिनं दोन लुगडी माझ्या हातात दिली. भाव विचारला नाही, पावती मागितली नाही. म्हणाली, "तू हाय तं मले कायची फिकर."

मी तशीच चालत निघाले. अख्ख्या वाटेत मी काही ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं.

व्हरांड्यात बायका होत्या. त्यातल्या दोघी त्या दिवशीच्याच. बाईंनी लुगडी उलगडून पाहिली, खूश झाल्या, आणि आत ठेवायला नोकराला हाक मारली.

"पैसे आधी द्या, बाई," मी म्हणाले.

"पसंतीला आहेत ना गं? कळवते नंतर."

"पसंत पडली तुम्हाला. आत्ता पडली, मी पाहिलं. नसतील घ्यायची तर द्या इकडे."

बाईंना वाटलं मी गंमत करते. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. "कुणाशी बोलतेस?"

आणि माझं शुद्ध बोलणं गळून पडलं. जे बोलले ते घरच्या बोलीत बोलले. "तुमच्याशीच बोलून राहिली. माह्या बापाचं लुगडं तुमी लग्नात नेसल्या. घडीत अक्षता होत्या. ह्याच फरशीवर पडल्या. मी पायाखाली झाकल्या. काठाले हळद होती, ते मी नळावर धुतली. काठ सरळ होता. मी खोटी बोलली. तुमच्यासाठी बोलली."

एक बाई कप ठेवून उठली. वकीलीणबाईंच्या गळ्यापर्यंत लाली चढली होती.

"चिठ्ठी कुणी दिली तुला, विसरलीस?"

"नाही इसरली. माह्या बापाचा माग देऊन घेतली मी ते."

"तुझ्या बापानं माग सोडला, तो माझा दोष?"

"तुमचा. आन माहा."

मी नोकराच्या हातातून लुगडी काढून घेतली. त्यानं अडवलं नाही. आधीच्या थकलेल्या लुगड्याचे आणि नेसून परत केलेल्या लुगड्याचे पैसे मी तिथेच मोठ्यानं मागितले. ते मिळाले नाहीत. आजवर मिळाले नाहीत.

पुढच्या महिन्यापासून फंडाचे पैसे बंद झाले. कारण कळवलं नाही. ट्रेनिंग अर्धं राहिलं. मी मास्तरीण झाले नाही.

बापाला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तो जेवत होता. मी अक्षतांपासून सुरू केलं आणि साबणापर्यंत आले. तो घास हातात धरून ऐकत होता. आई रडू लागली. तो रडला नाही, रागावला नाही.

"म्हंजे वाकडा नोता?"

"नोता, बाबा."

"मंग मी काहून सोडला वं माग?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. उत्तराची वाट पाहावी तसा. मग ताट सारून हात धुवायला गेला.

उमरेडहून माग परत आणू म्हटलं, तर नको म्हणाला. गिरजाकाकूनं तिच्या मागावर बसायला बोलावलं, एकदा बसला. धोटा हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं, उठला. जे मी त्याच्या आत मोडलं होतं, ते खरं सांगितल्यानं जुळलं नाही. तो मरेपर्यंत पोती शिवत राहिला. माझ्याशी बोलायचा, पण काही दाखवून 'पाय वं' असं मला पुन्हा कधी म्हणाला नाही.

मी त्याची माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यानं दिली असती, आणि मी मोकळी झाले असते. मला मोकळं व्हायचं नाही.

आता वस्तीतली लुगडी मी विकते. बारा घरांचा माल माझ्या डोक्यावर असतो. पसंतीला म्हणून एक सूतही कुठल्या घरात सोडत नाही. कुणी माल वापरून परत करू लागलं, तर घडी चारचौघांत उलगडते आणि काय दिसतं ते मोठ्यानं सांगते. कुणी पैसे थकवले, तर देईपर्यंत त्यांच्या दारात बसते. मला उद्धट म्हणतात. दोन-तीन बंगल्यांत मला पाय ठेवू देत नाहीत. त्यातली एक बाई परवा बाजारात भेटली. म्हणाली, "थोडं गोड बोलशील तर तुझंच भलं होईल."

तिला मी सांगितलं, माझं भलं एकदा झालं आहे. ते पुन्हा होऊ देणार नाही.