बाबांचे केस निळे का?

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट.

शनिवार पेठेतल्या माझ्या डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात एक बाई वडिलांचा कृष्णधवल फोटो न्यायला आल्या. म्हणाल्या, "अहो, बाबांचे केस निळे का दिसतायत?"

निळे? राखाडी रंग मी स्वतः जुळवलेला! रंग मोजायचं मीटर लावतो, पण शेवटचा हात माझ्या नजरेचा.

फोटो छापला माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी. ऑपरेशन झालंय फक्त उजव्या डोळ्याचं. तो झाकला, तर केस राखाडी. डावा झाकला, तर निळे.

म्हणजे मोतीबिंदूमुळे डोळ्यांत आलेला पिवळेपणा झाकायला मी नकळत निळा वाढवत होतो. किती वर्षं?

बाईंना मीटरप्रमाणे नवीन प्रिंट दिला. तुमच्या भिंतीवर माझ्याकडचा फोटो असेल, तर खिडकीपाशी नेऊन बघा. कौतुक नको, खरं सांगा.