एक नंबरचं गवत

चारा केंद्रावर सगळे तिला काटेकोर काकू म्हणायचे, आणि ते तिला मनापासून आवडायचं. पाच वाफे, पाच जातींची संकरित गवतं, पुरुषभर उंच. कुठल्याचं वजन जास्त भरतं ते पाहायला दर दीड महिन्यानं कापणी. उजाडलं की काकू विळा घेऊन हजर. आधी एक नंबर, मग दोन. पाच नंबरच्या पेंढ्या काट्यावर चढेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. तीन वर्षांत हा क्रम एकदाही मोडला नाही. आणि तीन वर्षं वहीत वजनाला एक नंबरच पहिलं!

तिचा नवरा तिथल्याच गोठ्यावर कामाला. जेवताना त्याचं एकच पालुपद.

"अगं, तुझं एक नंबर गाई गव्हाणीत तसंच टाकतात. तीन नंबर मात्र चाटूनपुसून खातात."

"लाडावून ठेवल्यात तुम्ही. वही काय खोटं बोलते?"

"वही चारा खाते का?"

यावर काकू त्याच्या ताटात भाजी जरा कमीच वाढायची.

आता फक्त एक कापणी उरली होती. ती झाली की केंद्राचे साहेब निकाल कळवणार आणि पहिल्या आलेल्या गवताचे ठोंब लावणीसाठी गावोगाव जाणार.

नेमकं त्या कापणीच्या दिवशी एक नंबरमध्ये गांधीलमाश्यांनी पोळं केलेलं. काकू शूर होती, वेडी नव्हती. तिनं पाच नंबरपासून सुरुवात केली. दुपारी धूर करून माश्या पळवल्या आणि एक नंबर शेवटी कापलं. वजनं बघते तर काय, पाच नंबर पहिलं आणि एक नंबर तळाला! काटा बिघडला असेल म्हणून ती स्वतःच त्यावर उभी राहिली. काटा ठणठणीत होता. तिचं वजन नेहमीइतकंच भरलं, दुर्दैवानं.

मग तिला आठवलं. सकाळी पाच नंबर कापताना दहिवरानं तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. दुपारी एक नंबर कापताना सगळं कोरडंठाक. अरे देवा! तीन वर्षं ती एक नंबरच्या नावावर पाणी मोजत आली होती. गवत सुकवून तोलायची भट्टी बंद पडली होती, त्यामुळे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? पण गावोगाव भलतंच गवत लागलं असतं. डोळे पुसत ती साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, वही चुकली. म्हणजे मीच चुकले."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "दर वेळी वहीवर सही मी करत होतो, काकू. तुम्ही एकट्या कशा चुकाल?"

निकाल थांबला. दीड महिन्यानं पुन्हा कापणी झाली, दहिवर पार सुकल्यावर, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवून. तीन नंबरनं सगळ्यांना मागं टाकलं. एक नंबर चौथं.

त्या दिवशी जेवताना काकूनं सगळं सांगितलं आणि मान खाली घालून टोमण्याची वाट पाहत बसली. नवरा आपला भाकरी कुस्करतोय.

"बोला की! आज तुमचा दिवस आहे."

"मी काय बोलू? बोलत होत्या गाई. मी नुसता निरोप्या." मग हळूच म्हणाला, "साहेबांपुढे जायला मात्र छाती लागते हं. माझ्यानं झालं नसतं."

काकूनं डोळ्यांना पदर लावला आणि त्याच्या ताटात भाजी वाढली, अजिबात न मोजता.