पैठणी नेसवलेलं चित्र

मास्तर चित्र कधी पुरं करत नसत आणि त्याची त्यांना तिळमात्र लाज नव्हती. पुण्याच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून ते न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला मुलाकडे राहायला आले होते. नात विचारायची, "आजोबा, व्हेन विल यू फिनिश इट?" मास्तर म्हणायचे, "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम मस्त!' प्रश्न कुठलाही असो, त्यांचं इंग्रजी उत्तर ठरलेलं.

लायब्ररीतून अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकारांचं एक जाडजूड पुस्तक ते पुन्हा पुन्हा घरी आणत. त्यातली नटूनथटून बसलेली उमराव मंडळी भराभर उलटायची आणि अर्ध्यावर राहिलेल्या चित्रांपाशी थांबायचं. चेहरा जिवंत, खाली कपड्यांच्या जागी ब्रशचे चार फटकारे. "कपडे रंगवायला तेव्हा बरेचदा दुसरा माणूस असायचा," ते सांगत. "तो यायच्या आत काम राहिलं, म्हणून ही बाई अजून बोलतेय बघ."

माझी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली, तेव्हा आमच्या गराजमध्ये हीटर लावून त्यांनी तिला रंगवायला घेतलं. सुती साडीवर माझं जाड जॅकेट घालून ती बसायची आणि अखंड बोलायची. ती परत जायच्या आधीच्या रविवारी चेहरा झाला. बोलता बोलता थांबून ती माझ्याकडे बघायची, अगदी तसा. खाली नुसत्या कोळशाच्या रेघा. "झालं, वहिनी," मास्तर म्हणाले.

मला ते पटेना. येणाऱ्याजाणाऱ्यांना काय अर्धवट आई दाखवायची? ती गेल्यावर मी तिचा माझ्या लग्नातला फोटो मास्तरांच्या हातात दिला. "एवढी पैठणी आणि मोहनमाळ घाला ना."

"सई, त्या लाल पैठणीची झाक हनुवटीवर येणार. चेहरा पुसून पुन्हा काढावा लागेल."

"मग काढा ना, मास्तर. माझ्यासाठी."

आठवड्याभरात चित्र पुरं झालं. सगळ्यांनी वाहवा केली. आईला स्काइपवर दाखवलं, तर ती म्हणाली, "छान आहे गं. कोण ही?" आम्ही खूप हसलो.

त्याच वर्षी आई वारली. मी पुण्याला पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आल्यावर भिंतीवरच्या त्या बाईकडे मला बघवेना. मास्तरांना बोलावून विचारलं, "वरचा रंग खरवडता येईल?" त्यांनी गालापाशी थोडं खरवडून पाहिलं आणि थांबले.

"खाली वहिनी नाहीत गं. माझंच चुकलं. तुला नाही म्हणायला हवं होतं."

चूक माझी होती. पण मी नुसती रडत राहिले आणि पुढे लाजेपायी त्यांच्या घरी जायचंच टाळलं. हिवाळ्यात मास्तर गेले. मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांची सून म्हणाली, आजारपणात ते एकच विचारायचे, "सई अजून रागावलीय का?"