खिडकीवर विचारायचं बंद झालं तेव्हा

अकोटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी बायांची मुकादम होते. आलेल्या कापसातला पाला आणि किडका कापूस वेचून काढायचं आमचं काम. शाळा चौथीपर्यंत. आकडे वाचता यायचे, तेवढ्यावर मुकादमी मिळाली.

नापिकीची वर्षं होती. कापूस एक दिवस यायचा, चार दिवस यायचा नाही. उद्या किती बाया लागतील हे यार्डातल्या शिल्लक मालावर ठरायचं, आणि तो आकडा फक्त कॉम्प्युटरवाल्या पोरीकडे. शेठ, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर, हिशेबवाले, सगळे संध्याकाळी तिच्याच खिडकीवर. माझा नंबर शेवटी. तोवर बाया फाटकाशी उभ्या. दर्यापूरकडची जीप चुकली की शिव्या मला.

एकदा मी सगळ्यांसमोर शेठला म्हटलं, "माल आमी वेचतो, अन् किती उरला हे आमालेच खिडकीत तोंड घालून विचारा लागते. आमचं आमाले पाहू द्या ना."

ग्रेडर हसला. "आता मावशी कॉम्प्युटर चालवते म्हणते."

"तुयापेक्षा बरं चालवीन."

शेठला मात्र पटलं. ज्याला जे लागतं ते त्यानं स्वतः पाहावं, असं ठरलं. वजनकाट्यावर, ग्रेडरच्या खोलीत, यार्डात स्क्रीन बसल्या. शिकवायचं काम त्या पोरीवरच आलं.

ती अकोटचीच, मुसलमान घरची. बाप गाद्यांचा कापूस पिंजायचा. तयार गाद्या आल्या आणि त्याचा धंदा बसला. घर तिच्या पगारावर चालत होतं. मला हे ठाऊक होतं, आम्ही दुपारचा चहा सोबतच प्यायचो.

तिनं मला नीट शिकवलं. स्क्रीनवरची इंग्रजी नावं काढून मराठी टाकली. पहिल्याच आठवड्यात मी फसले. स्क्रीनवर माल भरपूर दिसला म्हणून सगळ्या बाया बोलावल्या, तर त्यातला निम्मा ओला, वाळत घातलेला. अर्ध्या बाया परत गेल्या. जाताना काय काय बोलल्या ते लिहीत नाही.

पोरगी म्हणाली, "तुमची चूक नाही, मावशी. ओला अन् सुका मीच एकात टाकला होता." तिनं दोन्ही वेगळे करून दिले. त्यानंतर मला तिला काही विचारावं लागलं नाही. इतरांचंही तसंच झालं. खिडकीवर कोणी दिसेना.

हंगामाच्या मध्यावर शेठनं मला बोलावलं. "आता तिले काही विचारायले जा लागते का?"

"नाही," मी म्हटलं.

खरं तेच होतं. त्यानं बाकीच्यांनाही विचारलं होतं, त्यांनीही तेच सांगितलं. पण ओल्या मालाचा घोळ तिनं निस्तरला, उद्या दुसरा घोळ झाला तर तो कोण निस्तरणार, हे सांगायला हवं होतं. ते तोंडापर्यंत आलं होतं. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी निघून गेले. महिना संपला तसं शेठनं तिला कामावरून काढलं. बाया मात्र स्क्रीन आल्यापासून वेळेत घरी जात होत्या. मी मागितलं ते वाजवीच होतं, असं आजही म्हणते. म्हणून काही बरं वाटत नाही.

काही दिवसांनी ती फाटकाशी आली. "मावशी, तुमच्या बायांत घेता का मले?"

"हे काम तुयानं होईन का?"

"बसल्या जागचंच तर आहे."

घेतली. ओढणी नाकाला बांधून ती रांगेत बसायची. काम काही बरं नव्हतं. वेचलेल्या ढिगात पाला राहून जायचा. दुसरी कोणी असती तर मी तिची आई-बहीण काढली असती. हिच्यापाशी आले की मी नजर वळवून पुढच्या बाईकडे जायची. शेजारची बाई एकदा मोठ्यानं म्हणाली, "मुकादमीणबाईची लाडाची लेक आहे थे."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पोरगी माझ्यामागे आली. म्हणाली, "मावशी, मले बी रागानं बोलत जा ना. बाया पाहून राहिल्या."

मी हो म्हटलं. दुपारी तिच्या ढिगात हात घातला, पाला वर आला. तो मीच वेचून काढला आणि पुढे गेले.